उन्हाळ्यात चालायला त्रास असलेल्या ज्येष्ठांचा व्यायामवर्ग बाहेर घ्यायचा आहे (नाशिक), आखणी कशी करावी?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा व्यायामवर्ग हिवाळाभर सभागृहात चालतो. वर पत्रा असल्यामुळे मार्चनंतर तिथे बसवत नाही. म्हणून १५ मार्च ते साधारण १० जून हा वर्ग कॉलनीच्या उद्यानात घ्यायचा विचार आहे, आठवड्यातून चार दिवस.

मंडळी १६, वय ६६ ते ८४. चौघे वॉकरवर, पाच जण काठीवर आणि एक आजी व्हीलचेअरवर आहेत. उरलेले सहा जण आधाराशिवाय चालतात, पण गुडघे दुखतात किंवा तोल जातो. काठीवाल्यांपैकी दोघांना अर्धांगवायू होऊन गेला आहे, एका काकांना पार्किन्सन आहे. बीपी आणि शुगर जवळपास सगळ्यांनाच.

उद्यानात एक मोठी चिंच, पेव्हर ब्लॉकची वाट, हिरवळीचा तुकडा आणि ओपन जिमची यंत्रं आहेत. पूर्वेला दुमजली इमारत आहे. आमच्याकडे हात नसलेल्या २० प्लास्टिक खुर्च्या आणि तीन स्वयंसेवक आहेत.

वेळ कोणती ठेवावी, बसवावं कुठे, काय करून घ्यावं, पाणी किती द्यावं आणि कोणाला परत पाठवावं? डॉक्टरांचा सल्ला प्रत्येकाने आपापल्या परीने घ्यायचा आहेच. मला आखणीतले बारकावे हवे आहेत.

---

चिंचेचीसावली

जागा आणि वेळ यांवर लिहितो. व्यायामाचं जाणकार सांगतील.

वेळ तीन महिने एकच ठेवू नका. नाशिकला १५ मार्चला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यात सव्वासहाला आणि मेच्या मध्यात सहाला. त्यामुळे मार्चअखेरपर्यंत ७ ते ७.४५, एप्रिलमध्ये ६.३० ते ७.१५ आणि मेमध्ये ६.१० ते ६.५५ अशी वेळ सरकवत न्या. बदलाची तारीख आठवडाभर आधी फळ्यावर लिहा. या वयात झोप, शौच, गोळ्या आणि चहा यांचं घड्याळ पक्कं असतं, ते एका रात्रीत हलत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८-४० अंश असले तरी पहाटे पारा २०-२३ पर्यंत उतरतो. आपल्या हाती असलेला गारवा तेवढाच.

चिंचेखाली खुर्च्या मांडू नका. सावली झाडाच्या बुंध्याशी पडते असं आपण धरून चालतो, पण ते दुपारपुरतं खरं. मेमध्ये सकाळी सातला सूर्य क्षितिजावर जेमतेम १३ अंश असतो. तो पूर्वेकडून फांद्यांच्या खालून आत शिरतो आणि झाडाची सावली पश्चिमेला लांब कुठेतरी पडलेली असते. तुमची खरी सावली ती दुमजली इमारत आहे. भिंतीपासून १५ मीटरच्या आत खुर्च्या आल्या तर मेमध्येही साधारण साडेसातपर्यंत ऊन अंगावर येत नाही. आदल्या रविवारी सकाळी जाऊन सात वाजताच्या आणि साडेसातच्या सावलीच्या कडेवर चुन्याची रेघ मारून ठेवा. अंदाजाने मांडू नका.

शिकवणारा सूर्याकडे तोंड करून आणि मंडळी सूर्याकडे पाठ करून, अशी बैठक ठेवा. मोतीबिंदू असलेल्यांना आणि त्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना समोरून येणारं कोवळं ऊनही डोळ्यांत खुपतं, शिकवणाऱ्याचे हात दिसत नाहीत. न दिसलेला हात चुकीचा उचलला जातो. रांगा करण्यापेक्षा अर्धगोल करा, दोन खुर्च्यांत सव्वा मीटर अंतर सोडा. वॉकर खुर्चीच्या समोर ठेवला तर उठताना पायात येतो, म्हणून तो बाजूला, हाताच्या अंतरावर.

पायाखाली काय आहे ते गुडघ्यांपेक्षा आधी बघा. हिरवळीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारलं असेल तर खुर्चीचा एक पाय रुततो आणि बसलेला माणूस कलंडतो. माळ्याला सांगून वर्गाच्या आदल्या दिवशीचं पाणी सकाळी, वर्गानंतर मारायला लावा. पेव्हर ब्लॉकवर प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय बाहेर फाकतात, आणि उचकटलेला एखादा ब्लॉक अर्धा इंच वर असला तरी पाय घासत चालणाऱ्याला अडकायला पुरतो. सगळ्यात चांगली दाबलेल्या मुरुमाची सपाट जागा. सगळा अर्धगोल मावेल एवढा तुकडा पाणी शिंपडून धुमसून घ्या, खडे वेचा. सतरंजी किंवा जाजम अजिबात अंथरू नका. त्याची कड दुमडते आणि वॉकरचं पुढचं चाक त्यात गुंततं.

फाटकाचंही बघा. गुरं येऊ नयेत म्हणून नागमोडी लोखंडी फाटकं बसवतात, त्यातून व्हीलचेअर जात नाही. तिला किमान ८० सेंमी मोकळी जागा लागते, ९० असेल तर उत्तम. पायरी १५ सेंमीची असेल तर उताराची फळी १.८ मीटर लांब हवी, म्हणजे एकास बाराचा उतार. तीन फुटांच्या फळीवरून आजींना ढकलत नेलं तर खुर्ची मागे कलंडायची भीती असते. फाटकापासून बैठकीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि दर १५-२० मीटरवर एक खुर्ची ठेवा. काठीवरचा माणूस इथे पोचेपर्यंतच दमला तर पुढचा वर्ग त्याच्या उपयोगाचा नाही. हे येणं-जाणं त्याच्या व्यायामातच धरा.

आणखी एक. मेअखेर जांभळाखालची वाट टाळा, पडलेल्या जांभळांवरून काठीचं रबर घसरतं. चिंचेवर मोहोळ आहे का ते मार्चमध्येच पाहून घ्या.

---

फिजिओ_नाशिकरोड

वरचं सगळं अगदी बरोबर. आता माणसांकडे वळते.

पहिला आठवडा व्यायाम घेऊ नका, फक्त मोजमाप घ्या. दोन चाचण्या पुरतात. पहिली, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. खुर्ची ४३ सेंमी उंच आणि भिंतीला टेकवलेली, हात छातीवर. ७०-७४ वयात पुरुषांना १२ आणि बायकांना १० पेक्षा कमी जमलं, ८०-८४ मध्ये पुरुषांना १० आणि बायकांना ९ पेक्षा कमी जमलं, तर पायांत ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर शून्य लिहा, त्यात कमीपणा नाही. दुसरी चाचणी म्हणजे खुर्चीतून उठून ३ मीटरवरच्या खुणेला वळसा घालून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तो माणूस चालताना एकटा सोडायचा नाही. वॉकर, काठी जे रोज वापरतात तेच घेऊन ही चाचणी करायची.

त्यासोबत बीपी तीनदा मोजा. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्या व्यक्तीला उठताना घेरी येऊ शकते. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की हा उतार आणखी वाढतो. नाव वहीत लाल शाईने.

यावरून तीन गट आपोआप पडतात: फक्त बसून करणारे, धरून उभे राहणारे आणि चालणारे. स्वयंसेवक तीन आहेत तर दोन जण मधल्या गटाला द्या, पडण्याचा धोका तिथेच सगळ्यात जास्त असतो. बसलेला सहसा पडत नाही आणि चांगला चालणारा स्वतःला सावरतो.

खुर्ची. हात नसलेली खुर्ची या मंडळींना चालणार नाही. हात असलेल्या किमान दहा खुर्च्या मिळवा. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांना ४८-५० सेंमी उंचीची बैठक लागते. एकसारख्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या की बैठक थोडी उंच होते आणि पायही भक्कम होतात, हा सोपा उपाय आहे. उशी घालून उंच करू नका, ती सरकते. आणि प्लास्टिक खुर्चीची पाठ धरून उभ्याने व्यायाम कधीही करून घेऊ नका, ती हलकी असते आणि माणसासकट उलटते. धरायला ८५-९० सेंमी उंचीचा घट्ट रोवलेला कठडा हवा.

काठी-वॉकर. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या काठ्या उलट्या करून रबर बघा. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर त्याच दिवशी बदला. उंची अशी तपासा: चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखऱ्या बाजूला धरणारे खूप असतात आणि घरचेही तेच बरोबर समजतात. पायरीवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. स्लीपर बंद करा, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवा.

४५ मिनिटांचा वर्ग. पहिली आठ-दहा मिनिटं सगळे बसूनच. चवडे वर-खाली २० वेळा, मग टाचा उचलणं २० वेळा, बसल्या बसल्या पावलं टाकणं ३० सेकंद असं तीनदा, खांदे मागे फिरवणं १० वेळा. पोटऱ्या हलल्या की पायांत साठलेलं रक्त वर येतं आणि उठल्यावर घेरी येत नाही, म्हणून ही मिनिटं कापू नका. उशीर झाला तर शेवटचं काहीतरी सोडा.

मग उठ-बस. चाचणीत जितक्या वेळा जमलं त्याच्या निम्म्या वेळा, अशा दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं बसून. आठ जमले तर चार-चार. सांगायचं कसं: खुर्चीच्या पुढच्या कडेला या, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या आणि मग उठा. नुसतं 'उठा' म्हटलं की लोक मागे रेलूनच जोर लावतात, आणि मग धपकन परत बसतात. बसताना तीन मोजत बसायचं. धपकन बसल्याने मणके ठिसूळ झालेल्या बायकांच्या पाठीत मणका दबू शकतो. शून्य जमलेल्यांनी हात टेकून उठावं, पुढच्या आठवड्यात एकच हात टेकावा.

त्यानंतर बसून एक पाय सरळ करून पाच सेकंद धरणं, प्रत्येकी १० वेळा. रबरी पट्टा दोन्ही हातांनी छातीकडे ओढणं १० वेळा, पट्टा कठड्याला बांधून. दर वर्गाआधी पट्टा ताणून चिरा बघा. उन्हात किंवा बंद गाडीत राहिलेलं रबर कडक होतं आणि तोंडावर तुटतं. पट्टा नसेल तर अर्ध्या लिटरची भरलेली बाटली हे अर्ध्या किलोचं वजन आहेच.

दुसऱ्या गटाने कठड्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, पाय बाजूला नेणं प्रत्येकी ८ वेळा, आणि एका पावलापुढे दुसरं ठेवून १० सेकंद उभं राहणं, एक हात कठड्यावर ठेवूनच. तिसऱ्या गटाने दोन-दोन मिनिटांच्या तीन चाली, मध्ये बसून. शेवटची पाच मिनिटं पुन्हा सगळे बसून, आणि वर्ग संपल्यावरही पाच मिनिटं कोणी फाटकाकडे निघायचं नाही. व्यायामानंतर बीपी उतरतं, पडापडी बरेचदा तेव्हाच होते.

आकडे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचे. मोजताना श्वास रोखता येत नाही, आणि श्वास रोखून जोर लावला की बीपी उसळतं. दम किती लागावा याचं मापही हेच: वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका. नाडीवर जाऊ नका. ज्यांच्या गोळीचं नाव 'लॉल'ने संपतं (अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल) त्यांची नाडी दमल्यावरही फारशी चढत नाही, घड्याळ दाखवतं तो आकडा त्यांच्यासाठी फसवा आहे.

अर्धांगवायू झालेले दोघे. स्वयंसेवकाने त्यांच्या कमकुवत बाजूला उभं राहायचं. उठवताना त्या हाताला धरून ओढायचं नाही, सैल पडलेला खांदा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. त्यांचा हात डोक्यावर जबरदस्तीने नेऊ नका. व्यायामाचा रबरी पट्टा कमकुवत मुठीत देऊ नका, सुटतो.

व्हीलचेअरवरच्या आजी. उभं करायचं असेल तर आधी दोन्ही ब्रेक, मग पायठेवण्या वर, मग बाकी सगळं. दर १५-२० मिनिटांनी त्यांना पुढे आणि दोन्ही बाजूंना झुकवून बैठकीवरचा भार हलवा. रेक्झिनच्या बैठकीवर घाम साचून कातडी लवकर सोलते, सुती कापड घाला, घडी पडू देऊ नका.

---

संध्याकाळचापाट

सकाळच्या वेळेचा आग्रह सगळ्यांसाठी योग्य वाटत नाही. सांधेदुखीवाल्यांचे सांधे पहाटे आखडलेले असतात, संध्याकाळी ते मोकळे होतात. सहानंतर आपल्याकडे वाराही सुटतो. निदान चार-पाच जणांसाठी संध्याकाळची तुकडी ठेवायला काय हरकत आहे?

---

चिंचेचीसावली

मार्चमध्ये हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये आहे, कारण संध्याकाळी हवा थोडी उतरली तरी दिवसभर तापलेले ब्लॉक आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत असतात. बसलेल्या माणसाचं शरीर जमिनीच्या जवळ असतं, त्याला उभ्यापेक्षा जास्त झळ लागते. पेव्हर ब्लॉकवर हाताचा मागचा भाग टेकवून बघा. सात सेकंद ठेवता येत नसेल तर तिथे कोणाला बसवू नका. शिवाय मेमध्ये सूर्यास्त सातला, म्हणजे परत जाताना अंधार. आणि वळिवाचा पाऊस दुपारनंतरच येतो. वारा-वीज सुरू झाल्यावर वॉकरवरचे चौघे दहा मिनिटांत आडोशाला पोचत नाहीत.

आखडलेल्या सांध्यांसाठी उपाय घरीच आहे. निघण्याआधी कोमट पाण्याने आंघोळ किंवा शेक, आणि खाटेवर पडूनच दहा मिनिटं घोटे-गुडघे हलवणं.

---

नर्सताई_पंचवटी

पाणी, गोळ्या आणि ऊन लागणं, यांवर.

आधी शौचालय. ज्येष्ठ मंडळी बाहेर पाणी पीत नाहीत, त्यामागे तहान नसणं हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं की लघवीला कुठे जायचं हे ठाऊक नसतं, म्हणून घरून निघताना घोटभरही घेत नाहीत. तुम्ही कितीही बाटल्या ठेवा, ५० मीटरच्या आत वापरण्याजोगं शौचालय नसेल तर त्या भरलेल्याच परत जातील. कमोड हवा, बाजूला धरायला दांडा हवा, आणि दार बाहेर उघडणारं हवं, आत उघडणारं दार आत कोणी पडलं तर ढकलून उघडता येत नाही. उद्यानात नसेल तर शेजारच्या एखाद्या घराशी बोलून ठेवा. आधी हे ठरवा, खुर्च्या नंतर.

पाणी असं: घरून निघण्याच्या पाऊण तास आधी एक पेला, २०० मिली. वर्गात दर १०-१५ मिनिटांनी अर्धा पेला, म्हणजे १०० मिली. 'तहान लागली का?' असं विचारू नका, या वयात तहान उशिरा कळते. पेला हातात द्या आणि रिकामा परत घ्या. ज्यांना हृदयाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, त्यांची नावं वेगळी लिहा. त्यांचं हे पाणी दिवसाच्या मापातूनच वजा करायचं.

मीठ-साखरेचं पाणी सरसकट वाटू नका. पाऊण तासाच्या हलक्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. बीपीवाल्याला रोज खारट ताक किंवा ओआरएस दिलं तर फायद्यापेक्षा त्रासच. ओआरएस हाताशी असू द्या, जुलाब किंवा भरपूर घामानंतर थकलेल्यासाठी. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. चिमूटभर पेल्यात टाकून उरलेलं जपून ठेवणं चूक आहे, प्रमाण बिघडतं.

गोळ्यांची यादी प्रत्येकाच्या घरून आणवा, शक्यतो पाकिटासकट. लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड) आणि बीपीच्या नावामागे 'एच' असलेल्या जोडगोळ्या, ज्यांत बहुतेकदा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, या अंगातलं पाणी आणि मीठ काढतात. शुगरच्या ज्या गोळ्यांचं नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपतं त्याही लघवी वाढवतात. पार्किन्सनसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते, मग शरीर थंड व्हायचा मार्गच अरुंद होतो. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. वेळ वर्गानंतर सरकवता येईल का, आणि मे महिन्यापुरता डोस बदलायचा का, एवढं डॉक्टरांना विचारायचं. हा प्रश्न मार्चमध्ये विचारा, लाट आल्यावर कोणाला वेळ नसतो.

शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही. ग्लुकोमीटरवर १०० च्या खाली असेल तर आधी एक केळं खायचं आणि मग वर्ग. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि त्या दिवशी व्यायाम नाही. शुगर उतरणं आणि ऊन लागणं दोन्हींत घाम, थरथर, गोंधळ दिसतो. त्यामुळे कोणी गळून गेलं की पाणी देता देताच बोटाला सुई टोचा.

परत पाठवायचं कोणाला: ताप, जुलाब, रात्रीत उलटी झालेले, बीपी १८०/११० च्या वर, शुगर ३०० च्या वर, नवीन छातीत दुखणं किंवा धाप, आणि हृदय कमकुवत असलेल्यांपैकी ज्यांचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलंय ते. त्यांना एकटं पाठवू नका, घरी फोन करा.

आता ऊन लागणं. नुसता थकवा असेल तर माणूस घामाने ओला, चेहरा फिकट, डोकं दुखतंय, मळमळतंय, पण शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, ओल्या फडक्याने पुसा, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात सुधारला नाही तर दवाखाना. पण बोलणं असंबद्ध झालं, चाल झिंगल्यासारखी झाली, चिडला किंवा गुंगला, तर तो उष्माघात समजा. घाम थांबलेलाच असेल असं नाही, त्याची वाट बघू नका. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं आणि जोरात वारा घालायचा, मान, काखा, जांघा इथे बर्फाच्या पिशव्या. थंड करणं आधी, गाडीत घालणं नंतर. गुंगलेल्याला तोंडाने काहीही द्यायचं नाही. तापाची गोळीही नाही, ती या तापावर चालत नाही. आणि नाशिकचं म्हणून सांगते, खिशात कांदा ठेवल्याने शरीर थंड होत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी खुशाल ठेवावा, पण टोपी आणि पाणी सोडून नको.

पेटीत काय: बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, साखर, ओआरएस, दोन चादरी, पुठ्ठ्याचे पंखे, थर्मासमध्ये बर्फ, २० लिटरचा भरलेला जार. आणि प्रत्येकाच्या गळ्यात किंवा खिशात नाव, आजार, गोळ्या आणि घरचा फोन लिहिलेला कागद, प्लास्टिकमध्ये घालून.

---

इंदिरानगरकर

मनापासून आभार. शौचालयाचं डोक्यातच आलं नव्हतं, आज समोरच्या घरी बोलतो. दोन गोष्टी राहिल्या. ओपन जिमची यंत्रं वापरू द्यावीत का? मंडळींचा फार हट्ट आहे. आणि पार्किन्सनवाले काका चालता चालता मध्येच थिजतात, तेव्हा काय करायचं?

---

फिजिओ_नाशिकरोड

यंत्रांपैकी बसून हातांनी ढकलायचं आणि बसून पेडल मारायचं, ही दोन चालतील, पाठ टेकता येत असेल तर. खांद्यासाठीचं मोठं चाक उभ्याने असतं, ते तिसऱ्या गटालाच. दोन्ही पाय हवेत झुलवायचं यंत्र आणि कमर फिरवायची गोल चकती या सगळ्यांना बंद. पहिल्यावरून उतरताना तोल जातो, कारण पायठेवण्या थांबलेल्या नसतात. दुसऱ्यावर ठिसूळ मणक्याला पीळ बसतो. लोखंड तापतं हे आहेच, साडेसातनंतर कोणी हात लावू नये. वंगण नसलेलं, करकरणारं यंत्र वापरूच नका, ते मध्येच अडकतं आणि झटका बसतो.

काकांची गोळी वर्गाच्या पाऊण ते एक तास आधी पोटात गेलेली हवी, तिचा जोर असेल त्याच वेळेत त्यांचं चालणं घ्या. जमिनीवर चुन्याने ५० सेंमी अंतरावर आडव्या रेघा मारा आणि प्रत्येक रेघ ओलांडायला सांगा. डोळ्यांना खूण मिळाली की पाऊल मोठं पडतं. थिजले तर ओढू नका, मागून ढकलू नका. थांबा, ताठ व्हा, भार एका पायावरून दुसऱ्यावर दोनदा न्या, मग 'एक' म्हणून मोठं पाऊल. वळताना जागेवर गर्रकन नको, इंग्रजी यू अक्षरासारखा मोठा वळसा घ्यायचा. ते चालत असताना कोणी त्यांच्याशी गप्पा मारू नयेत, आणि स्वयंसेवकाच्या हातात त्या वेळी मोबाइल नको.

---

चिंचेचीसावली

रद्द कधी करायचं हे कोणी लिहिलं नाही, म्हणून पुन्हा आलो. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा जिल्ह्याला असेल तर वर्ग नाही. इशारा नसतानाही पहाटे पारा २६-२७ च्या खाली आला नसेल तर फक्त बसून आणि वीस मिनिटांत आटपा. रात्री ज्यांना उकाड्याने झोप लागली नाही त्यांचं शरीर सकाळी आधीच थकलेलं असतं. निर्णय पहाटे साडेपाचच्या आत एकाच माणसाने घ्यायचा आणि फोन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून थांबू नका, सोळातले निम्मे ते निघाल्यावर बघतील.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून मार्चमध्येच सुरुवात करताय हे बरं आहे. मोजमापाचा आठवडा संपला की व्यायामाच्या पहिल्या आठवड्यात २० मिनिटं, दुसऱ्यात ३०, मग ४५. कोणी आजारपणामुळे आठवडाभर आलं नाही तर त्याने परत २० पासून. आणि वर्ग बुडाला त्या दिवशी घरी पंख्याखाली फक्त ती पहिली दहा मिनिटं आणि उठ-बस, एवढं तरी होऊ द्या.

---

नर्सताई_पंचवटी

एक राहिलं. वहीत दर वर्गाला चारच रकाने ठेवा: आले का, पाणी किती प्यायले, घेरी आली का, उठ-बस किती. एप्रिलच्या शेवटी पुन्हा ३० सेकंदांची चाचणी घ्या. ज्यांचा आकडा मार्चपेक्षा कमी झालाय त्यांचं पाणी आणि गोळ्या आधी तपासा, व्यायाम वाढवायची घाई नको.